मॉडेल युएनच्या सुरक्षा परिषदेत छाप पडेल असं भाषण कसं तयार करावं?

तुम्ही लिहिलंय की मॉडेल युएनमध्ये (विद्यार्थी वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी बनून संयुक्त राष्ट्रांच्या बैठका रंगवतात ती स्पर्धा) सुरक्षा परिषदेत जर्मनी मिळालाय, पहिलीच वेळ आहे आणि सगळी चिंता भाषणाची आहे. मी आधी डेलिगेट, म्हणजे देशाचा प्रतिनिधी म्हणून आणि नंतर बैठक चालवणाऱ्या चेअरच्या खुर्चीतून बऱ्याच समित्या पाहिल्यात. सुरुवातीचं दीड मिनिटाचं भाषण जेवणाच्या सुट्टीपर्यंतही कुणाच्या लक्षात राहत नाही. तो वेळ मतं मोजण्यात घाला.

सदस्य १५. ठराव मंजूर व्हायला किमान ९ मतं हवीत आणि पाच स्थायी सदस्यांपैकी (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया, चीन) एकाचंही मत विरोधात नको. तटस्थ राहिलेले चालतात! नवखे इथेच फसतात. रशिया-चीनचा होकार मिळवायला दिवस घालवतात. खरं तर त्यांनी विरोध केला नाही तरी पुरतं. लिबियात नागरिकांच्या रक्षणासाठी बळाचा वापर करायला परवानगी देणारा ठराव क्रमांक १९७३ बघा, १७ मार्च २०११ चा. बाजूने १०, विरोधात कुणीच नाही, तटस्थ ५: रशिया, चीन, भारत, ब्राझील आणि तुमचा जर्मनी. नाटोतला देश, तरी अमेरिका-ब्रिटन-फ्रान्सबरोबर गेला नाही. लष्करी कारवाईत मोठी जीवितहानी होऊ शकते, ही भीती त्याने परिषदेत बोलूनही दाखवली. जुन्या बैठकांची शब्दशः इतिवृत्तं युएनच्या साइटवर फुकट मिळतात. ती आधी वाचा, विकिपीडिया नंतर.

खरं काम होतं अनमॉडरेटेड कॉकसमध्ये, म्हणजे डेलिगेट जागा सोडून आपापसात मोकळेपणी बोलतात त्या वेळात. एकदा एका मसुद्यात ‘सर्व आवश्यक उपाय’ असं कलम होतं. युएनच्या भाषेत म्हणजे सरळ बळाचा वापर. रशियाची डेलिगेट ते वाचून उठायलाच लागली होती. मसुदा लिहिणाऱ्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला, तिच्यादेखत ते कलम खोडलं आणि त्या जागी शस्त्रबंदीवर नजर ठेवणारं तज्ज्ञ मंडळ घातलं. मतदानात ती तटस्थ राहिली, ठराव पास! टेबल बडवून भाषणं ठोकणारा फ्रान्स तेव्हा स्वतःच्या मसुद्यासाठी सह्या शोधत फिरत होता. (बक्षीस कुणाला मिळालं ते विचारू नका, चेअरची आवड वेगवेगळी असते.)

पुढे कधी आमसभेची निःशस्त्रीकरण समिती मिळाली तर तिथे निर्बंध लादायला जाऊ नका. ती फक्त शिफारस करू शकते.

आणि सिग्नेटरींची, म्हणजे तुमच्या मसुद्यावर सही करणाऱ्यांची यादी लांबली म्हणून खूश होऊ नका. सही म्हणजे ‘यावर चर्चा होऊ दे’, एवढंच. मतदानाआधी प्रत्येकाला वेगळं गाठून विचारा: बाजूने, विरोधात की तटस्थ?