मशीनगन कोअर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: पहिल्या महायुद्धात ब्रिटिश पायदळाच्या बटालियनांकडे मशीनगन होत्याच, मग त्यांचे निराळे दल कशासाठी उभारले?

उत्तर: होत्या, पण १९१४मध्ये बटालियनमागे दोनच. शेजारशेजारच्या बटालियनांच्या बंदुकांचा मारा एकमेकांना छेदून जाईल, अशी खंदकांपुढची मांडणी करायची तर ती वरच्या पातळीवरूनच होणे शक्य होते. म्हणून ऑक्टोबर १९१५मध्ये राजाज्ञेने मशीनगन कोअर स्थापन झाले, इंग्लंडमधील ग्रँथमजवळच्या बेल्टन पार्कमध्ये त्याचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि बटालियनांकडच्या व्हिकर्स बंदुका (पाण्याने थंड होणाऱ्या जड मशीनगन) काढून ब्रिगेडच्या, म्हणजे अनेक बटालियनांच्या गटाच्या, कंपन्यांकडे दिल्या गेल्या; बटालियनांच्या वाट्याला हलकी लुईस गन आली. १९१८मध्ये तर प्रत्येक डिव्हिजनमागे, म्हणजे अनेक ब्रिगेडांच्या गटामागे, ६४ बंदुकांची स्वतंत्र बटालियन तयार झाली. आपल्याच पायदळाच्या डोक्यावरून, नकाशा आणि कोनमापकाच्या आधारे, न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करण्याचे तंत्र या दलाने रुजवले, आणि माझ्या मते त्याची खरी कामगिरी हीच. रणगाड्यांचे पथकही सुरुवातीला याच दलाची शाखा होते. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरातील लढाईत प्रथमच उतरलेले रणगाडे याच शाखेचे.

प्रश्न: एका व्हिकर्ससाठी सहा माणसे का लागत?

उत्तर: वजनामुळे, पाण्यामुळे आणि काडतुसांमुळे. बंदूक पंधरा किलोंच्या आसपास, तिवई त्याहून जड. पहिला गडी तिवई रोवून घोडा दाबत असे, दुसरा बंदूक वाहून आणून २५० काडतुसांचा कापडी पट्टा हाताने सरळ धरून आत सरकवत असे, आणि बाकीचे पट्ट्यांच्या पेट्या व पाणी पुरवत. पट्टा भिजला की फुगून अडके, म्हणून पावसात त्याची राखण हेही एक कामच होते. नळीभोवतीच्या आवरणात सुमारे चार लिटर पाणी असे. सतत माऱ्याने ते उकळू लागले की वाफ रबरी नळीतून डब्यात सोडत, कारण उघड्यावर उठलेली वाफ शत्रूला ठिकाण दाखवून देई. डब्यात जमलेले पाणी पुन्हा आवरणात ओतले जाई.

प्रश्न: या दलाला ‘सुइसाइड क्लब’ (आत्महत्या करणाऱ्यांचे मंडळ) म्हणत, ही अतिशयोक्ती आहे का?

उत्तर: नाव सैनिकांनीच पाडले होते. सुमारे १,७०,५०० जणांनी या दलात सेवा केली. त्यांपैकी ६२,०४९ जण हताहत झाले आणि त्यांतले १२,४९८ मृत्यू पावले. बंदूक आवाजावरून लगेच हेरली जाई आणि शत्रूच्या तोफा प्रथम तिच्यावरच वळत, हे लक्षात घेता नावात अतिशयोक्ती असली तरी ती निराधार नव्हती.

प्रश्न: महार रेजिमेंटच्या चिन्हावरील मशीनगनचा या दलाशी संबंध आहे का?

उत्तर: थेट नाही. ब्रिटिश दल १९२२मध्येच विसर्जित झाले होते. महार रेजिमेंटची उभारणी १९४१मधली, आणि १९४६मध्ये तिचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झाले, तेथून त्या बंदुका चिन्हावर आल्या. बंदूक मात्र तीच, व्हिकर्स.

प्रश्न: या दलातील एखाद्या सैनिकाची माहिती शोधायची झाल्यास कोठून सुरुवात करावी?

उत्तर: दलाची बरीच कागदपत्रे १९२०च्या आगीत नष्ट झाली, त्यामुळे पदकांच्या नोंदींपासून सुरुवात करावी. त्यांतून कंपनीचा क्रमांक हाती लागलाच, तर लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली त्या कंपनीची युद्धदैनंदिनी पाहावी. मात्र तीत साध्या शिपायाचे नाव क्वचितच आढळते.