खोलीच्या मोजमापात स्पीकरचा थेट आवाज आणि आदळून परतलेला आवाज वेगळे कसे करायचे? (ठाण्यातला फ्लॅट, टाइल्सची फरशी)

स्पीकर आणि माइक दोन्ही फरशीपासून 1 मीटर उंच, एकमेकांपासून 1 मीटरवर ठेवा. भिंती, कपाटं शक्य तितकी लांब. मग आधी परतेल तो फरशीचाच आवाज. त्याला साधारण 1.24 मीटर जास्त अंतर पडतं, म्हणून तो साडेतीन मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. रूम ईक्यू विझार्ड या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वीप (खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सरकणारा आवाज) घेऊन इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कुठला आवाज किती वेळाने पोहोचला याचा आलेख, बघा: उंच टोकानंतर दुसरं छोटं टोक दिसेल. विंडो (आलेखातला जेवढा वेळ हिशोबात धरायचा तो तुकडा) त्याच्या आधी संपवा. खात्री हवी असेल तर दोघांच्या मधे फरशीवर जाड गादी टाकून पुन्हा मोजा; बुटकं झालेलं टोक फरशीचं. मात्र एवढ्या आखूड विंडोत 300 हर्ट्झखालचा आलेख अजिबात खरा धरू नका. बाससाठी लांब विंडोच घ्या, तिथे खोली धरूनच मोजावं लागतं. घोडबंदर रोडची वर्दळ असेल तर रात्री उशिरा मोजा.