पहिलीच मसल कार म्हणून ७०० हॉर्सपॉवरची वापरलेली हेलकॅट घ्यावी की मस्टँग जीटी?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेत येऊन तीन वर्षे झाली, आजवर चार सिलिंडरची, पुढच्या चाकांवर चालणारी सेडान वापरली, आता मसल कार (म्हणजे मोठ्या आठ सिलिंडरच्या, व्ही-८ इंजिनाची, मागच्या चाकांवर चालणारी ताकदवान अमेरिकी गाडी) घ्यायची आहे, आणि वापरलेली डॉज चॅलेंजर हेलकॅट व वापरलेली फोर्ड मस्टँग जीटी या दोहोंत मन अडकले आहे. मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि २०१६ ची मस्टँग जीटी, सहा गिअरची मॅन्युअल, सेकंडहँड घेऊन गेली सहा वर्षे चालवतो आहे. माझे मत स्पष्ट सांगतो: हेलकॅट आत्ता घेऊ नका. मस्टँग जीटी घ्या, किंवा चॅलेंजरच हवी असेल तर तिची ६.४ लिटर इंजिनाची आवृत्ती, स्कॅट पॅक, घ्या. आणि कोणतीही घेतली तरी आधीच्या मालकाने जिच्या इंजिनाला व सायलेन्सरला हात लावलेला नाही, जी कंपनीतून आली तशीच आहे, अशी गाडी शोधा. त्यासाठी सहा महिने थांबावे लागले तरी थांबा.

हॉर्सपॉवरच्या आकड्याने माणूस फार लवकर भारावून जातो, म्हणून आधी त्याविषयी. ज्या गाडीपासून मसल कारचा काळ सुरू झाला असे मानले जाते, त्या १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओच्या ३८९ घन इंचाच्या व्ही-८ इंजिनाची ताकद ३२५ हॉर्सपॉवर सांगितली जात असे, आणि तीही इंजिन एकटेच बाकावर ठेवून, सायलेन्सर व पंप यांचा भार न धरता मोजलेली. गाडीत बसवलेल्या इंजिनाची खरी ताकद सांगण्याची पद्धत अमेरिकी कंपन्यांनी १९७२ च्या सुमारास स्वीकारली. म्हणजे २०१५ ते २०१७ च्या मस्टँग जीटीची ४३५, २०१८ नंतरच्या जीटीची ४६० किंवा स्कॅट पॅकची ४८५ हॉर्सपॉवर ही त्या काळच्या बहुतेक नामांकित गाड्यांना सहज मागे टाकणारी ताकद आहे. २०१५ चे मॉडेल म्हणून आलेल्या हेलकॅटची ताकद ७०७ होती आणि तिच्यासोबत दोन किल्ल्या मिळत. लाल किल्लीने पूर्ण ताकद मिळते, काळ्या किल्लीने ती ५०० पर्यंतच राहते. या इंजिनाला रोजच्या वापरात आवर घालण्याची सोय असावी, असे खुद्द बनवणाऱ्यांना वाटले, याचा विचार करा. तुम्ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी अजून एकदाही हाताळलेली नाही.

हे मी ऐकीव गोष्टींवरून लिहीत नाही. गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्याच नोव्हेंबरात, सकाळी सातच्या सुमारास, सिग्नलवरून उजवीकडे वळत होतो. रस्ता ओलसर होता, तापमान गोठणबिंदूच्या जरासेच वर होते आणि गाडीवर उन्हाळी टायर होते. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर नेहमीइतकाच दाबला आणि गाडीची मागची बाजू डावीकडे सरकू लागली. वेग ताशी वीस मैलांच्याही आत होता. गाडीतील स्थिरता राखणाऱ्या यंत्रणेने मागच्या चाकांकडे जाणारी ताकद तोडली आणि पुढच्या क्षणी गाडी सरळ झाली, पण शेजारच्या लेनमधल्या व्हॅनच्या चालक बाईंचा चेहरा मला आजही आठवतो. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि त्याची पकड झपाट्याने कमी होते. अशा वेळी दचकून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला, तर भार पुढे जातो, मागची चाके आणखी हलकी होतात आणि गाडी फिरते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीने लागलेली सवय इथे उलट अंगावर येते. म्हणून गाडीच्या किमतीतच हिवाळी टायरांचा वेगळा संच, शक्यतो वेगळ्या रिमवर बसवलेला, हिशोबात धरा आणि स्थिरतेच्या यंत्रणेचे बटण पहिले वर्षभर बंद करू नका.

आता गाडी पाहताना काय पाहावे, याकडे वळतो, कारण या गाड्यांच्या बाबतीत आधीचा मालक कसा होता हे मैलांच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचे असते. मी पाहिलेल्या पहिल्याच जीटीचा रंग आरशासारखा होता, आतले चामडे नव्यासारखे होते आणि विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ती फक्त रविवारी निघत असे. मी मागच्या चाकाजवळ बसून मडगार्डच्या आतल्या अस्तरावर टॉर्च मारला, तेव्हा तिथे वितळून चिकटलेल्या रबराचे काळे धागे आणि गोळे थरावर थर साचलेले दिसले. एकाच जागी उभे राहून चाके जाळल्याशिवाय इतके रबर तिथे जात नाही. टायरच्या बाजूवरच्या क्रमांकातील शेवटचे चार आकडे पाहिले, तर पुढचे टायर गाडीइतकेच जुने आणि मागचे अवघ्या तीन महिन्यांपूर्वी बनलेले होते (त्यातील पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष). मी ती गाडी सोडली.

तुम्हीही हे दोन्ही तपासाच, आणि त्यानंतर गाडी विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे नेऊन लिफ्टवर चढवा. विकणारा याला तयार नसेल तर तिथेच थांबा. मेकॅनिकला संगणक जोडून दोन गोष्टी पाहायला सांगा: इंजिनाच्या नियंत्रकातील मूळ प्रोग्राम बदलला आहे का, आणि प्रदूषणाशी संबंधित स्वयंचाचण्या पूर्ण झालेल्या दिसतात का. त्या अपूर्ण असतील तर कोणीतरी नुकतेच दोषांचे संकेत पुसलेले असण्याची किंवा बॅटरी काढलेली असण्याची शक्यता असते. प्रोग्राम बदललेल्या गाडीत कंपनीची वॉरंटी शिल्लक असली तरी इंजिनाचा दावा नाकारला जाऊ शकतो. शिवाय उद्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियाला जावे लागले, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या नळीतील धूर शुद्ध करणारा भाग) काढून टाकलेली गाडी तिथल्या धूरतपासणीत पास होणारच नाही. आमच्यासारख्या बर्फाच्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा गाडी इथली असेल तर खालचा सांगाडा, ब्रेकच्या नळ्या आणि बोल्टांवरचा गंज नीट पाहा.

विम्याचा विचार बहुतेक लोक गाडी पसंत पडल्यावर करतात; तुम्ही तो आधी करा. प्रत्येक गाडीचा व्हीआयएन (तिचा स्वतंत्र ओळख क्रमांक) विकणाऱ्याकडून मागून घ्या आणि विमा कंपनीकडून हप्त्याचा आकडा लेखी मिळवा. मायदेशातला गाडी चालवण्याचा अनुभव इथल्या पुष्कळ कंपन्या धरत नाहीत, तेव्हा तुमचा इतिहास त्यांच्या लेखी तीनच वर्षांचा आहे. त्यात हेलकॅटला चोरीचा प्रश्न आहे: विम्याच्या दाव्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार २०२० ते २०२२ च्या गाड्यांमध्ये चॅलेंजरचीच चार दरवाजांची बहीण असलेल्या चार्जर हेलकॅटच्या चोरीच्या दाव्यांचे प्रमाण सरासरीच्या ६० पटींहून अधिक होते. तुम्ही अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी ठेवणार असाल, तर एवढी एक गोष्टही मला निर्णयाला पुरेशी वाटते. पेट्रोलचे म्हणाल तर हेलकॅटला ९१ ऑक्टेनचे (प्रीमियम) पेट्रोल लागतेच, आणि जीटीही शहरात गॅलनला १५-१६ मैलांच्या आसपासच जाते.

तुम्ही जाता जाता साठच्या दशकातील गाडीबद्दलही विचारले आहे. त्या गाड्यांवर माझे मनापासून प्रेम आहे. दर ऑगस्टमध्ये इथल्या वुडवर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर त्यांची रांग पाहायला मी जातो. पण पहिली खरेदी म्हणून त्या वाटेला जाऊ नका. १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस खरी आहे की साध्या मालिबूवर चिन्हे लावून बनवली आहे, हे तिच्या व्हीआयएनवरून कळत नाही. त्यासाठी कारखान्याचा मूळ कागद लागतो आणि तो ओळखणारा माणूसही लागतो.

डीलरकडे गेलात तर शेव्हरोलेची कॅमारो आणि चॅलेंजर दोन्हींचे उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबले, आता किमती वाढतच जाणार, असे सांगून तुमच्यावर घाई लादली जाईल. उत्पादन थांबले हे खरे आहे, परंतु दोन्ही गाड्या वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने बनल्या आहेत आणि चांगली गाडी पुढच्या महिन्यातही सापडेल. टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) सॅल्व्हेज (निकामी ठरवलेली) किंवा रिबिल्ट (तशी ठरल्यावर पुन्हा दुरुस्त केलेली) असा शेरा असेल, तर किंमत कितीही कमी असो, ती तुमच्यासाठी नाही.

पाहायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवून ते गार आहे याची खात्री करा, मग स्वतः उभे राहून पहिली दोन मिनिटे इंजिन ऐका. चॅलेंजरच्या हेमी इंजिनात सुरुवातीची टिकटिक गाडी तापल्यावरही जात नसेल, तर लिफ्टर आणि कॅमशाफ्ट (इंजिनातील झडपा हलवणारे भाग) यांचा खर्च पुढे उभा असू शकतो. मॅन्युअल असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे उडी मारून वर गेले आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतो आहे. आणि तुम्ही पोहोचलात तेव्हा बॉनेट गरम लागले, तर किमतीची बोलणी त्या दिवशी करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता आलात तर चालेल का, एवढेच विचारा.