जुनी एमएक्स-5 घेतोयस? आधी खाली वाकून बघ

इंग्लंडमध्ये कमी पैशांत उघड्या टपाची गाडी हवी असेल, तर माझदा एमएक्स-5 सोडून फार लांब जाऊ नकोस. पार्ट मुबलक मिळतात, इंजिन दणकट असतं. घोळ सगळा गंजाचा. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते ही गाडी खालून खातं.

म्हणून बॉनेट नंतर उघड. आधी गुडघे टेकून मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालचा पत्रा बोटांनी चाचप. टपावरचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तिथेच उतरतात. पालापाचोळा अडकला की पाणी तुंबतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेर दिसतो तो फक्त रंगाखालचा फुगवटा. ताजा काळा अंडरसील (गाडीच्या तळाला लावतात तो गंजरोधक थर) चोपडलेला असेल, तर मी तरी काढता पाय घेईन. 1998 ते 2005 च्या मॉडेलमध्ये पुढचे चासी रेल, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे लांब दांडेही बघ, तिथलं वेल्डिंग महागात पडतं.

जायच्या आधी सरकारी साइटवर नंबर टाकून एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास वाच, फुकट आहे. गंजाचा शेरा वर्षागणिक वाढत गेलेला दिसला, तर फोनसुद्धा करू नकोस.

सीटमागचा गालिचा दाबून बघ, ओला नको. पहिल्या पिढीत मागची खिडकी प्लास्टिकची. तिची चेन न उघडता टप दुमडला की ती चिरते. मालकाने न सांगता आधी चेन उघडली, तर माणूस गाडी जपणारा आहे. मैल जास्त असले तरी चालतील. इन्शुरन्सचा कोट मात्र आधीच काढ, पंचविशीच्या आत असशील तर नक्कीच.