अमेरिकेच्या संस्थापकांची लोकशाही मूल्यं खरी होती की नुसती भाषणबाजी?

तुमचा मुद्दा असा, की 'सर्व माणसं जन्मतः समान' असं १७७६ मध्ये जाहीर करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी गुलाम राबत होते, मग ही मूल्यं खरी कशी मानायची? माझ्या मते मूल्यं खरी होती, पण ती कोणाला लागू करायची हे त्यांनी आपल्या सोयीनं ठरवलं. जेफरसन, मॅडिसन सगळे घेतले तर पोथी होईल, म्हणून एकट्या वॉशिंग्टनबद्दल लिहितो.

मार्च १७८३. ब्रिटनविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध जवळजवळ संपलेलं, पण सैन्याचे पगार थकलेले. न्यूयॉर्कमधल्या न्यूबर्गच्या छावणीत अधिकारी काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, भडकले होते, बंडाची भाषा सुरू होती. सेनापती वॉशिंग्टन बैठकीत येऊन बोलला, तरी कोणी फारसं बधलं नाही. मग एक पत्र वाचून दाखवायला त्यानं खिशातून चष्मा काढला. त्याला चष्मा लागतो हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. तुमच्या सेवेत केस पिकले, आता डोळेही चाललेत, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला आणि समोरच्या लढवय्यांना रडू आवरेना. बंड तिथंच निवलं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला अनॅपोलिसला जाऊन त्यानं सेनापतिपदाचा राजीनामा काँग्रेसकडे दिला आणि सरळ घर गाठलं. जिंकलेलं सैन्य पाठीशी असताना! आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अकरा वर्षं खुर्ची सोडत नव्हते, म्हणून मला याचं जरा जास्तच अप्रूप.

पुढे राष्ट्राध्यक्ष म्हणून दोन कार्यकाळ झाल्यावर १७९६ मध्ये त्यानं तिसऱ्यांदा नको म्हटलं. राज्यघटनेत तेव्हा अशी अट नव्हती. तरी हा पायंडा १९४० मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून येईपर्यंत टिकला. लेखी दुरुस्ती आली ती थेट १९५१ मध्ये.

आता तेच १७९६ साल, २१ मे. राजधानी तेव्हा फिलाडेल्फियात होती. वॉशिंग्टन कुटुंब जेवायला बसलेलं असताना त्याच्या पत्नीची, मार्थाची, खास दासी ओना जज घरातून निघून गेली. विशीतली मुलगी. मार्थाच्या नातीला आपण भेट म्हणून दिले जाणार, हे तिला कळलं होतं. लगेच वर्तमानपत्रात जाहिरात आली, पकडून देणाऱ्यास दहा डॉलर बक्षीस.

मला त्याहून बोचतं ते दुसरंच. फिलाडेल्फिया ज्या राज्यात येतं त्या पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यामुळे, बाहेरून आलेल्या मालकानं तिथं सहा महिने ठेवलेला गुलाम स्वातंत्र्य मागू शकत असे. म्हणून वॉशिंग्टन मुदत भरायच्या आत आपले गुलाम राज्याबाहेर पाठवायचा आणि परत आणायचा. हे गुलामांना आणि लोकांना कळू न देता उरकावं, असं त्यानं आपल्या खासगी सचिवाला पत्रातून कळवलं होतं. म्हणजे आपण काय करतोय हे त्याला नीट ठाऊक होतं, 'काळच तसा होता' म्हणून सुटता येत नाही.

फिलाडेल्फियात लिबर्टी बेल, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं प्रतीक मानली जाणारी घंटा, बघायला गेलो होतो, तेव्हा तिच्या इमारतीच्या दाराशीच वॉशिंग्टनच्या या घराच्या जागेवर एक भिंत दिसली. त्या घरात राबलेल्या नऊ गुलामांची नावं तिच्यावर कोरलेली होती, त्यात ओनाचंही. माझ्यासोबतचे लोक घंटेची तडा गेलेली बाजू फोटोत नीट यावी म्हणून धडपडत होते.

जोतिराव फुल्यांनी अमेरिकन क्रांतीच्या काळातला लेखक थॉमस पेन वाचला होता, त्या काळातले विचार त्यांना जवळचे होते. पण १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकनांना.

वॉशिंग्टननं मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त करायची तरतूद केली. ओनाला तिचा उपयोग नव्हता, कारण कायद्यानं ती मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीची होती. ती जहाजानं न्यू हॅम्पशायरला पोचली होती. तिला परत आणायचे प्रयत्न वॉशिंग्टननं केले, ते फसले. १८४८ मध्ये ती वारली, तेव्हाही कागदोपत्री फरारीच. म्हातारपणी तिला कोणीतरी विचारलं, राष्ट्राध्यक्षाच्या घरापेक्षा इथं जास्त कष्ट उपसलेस, पळून आल्याचा पश्चात्ताप होतो का? ती म्हणाली, नाही, मी स्वतंत्र आहे.