जर्मनीतली पहिली गाडी: हप्त्यावरची नवी एसयूव्ही की जुनी कोम्बी?

नमस्कार ताई,

तुमचा मेल दोनदा वाचला, सोबतचं कोटेशनही नीट बघितलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही दोघं १४ महिन्यांपूर्वी स्टुटगार्टजवळच्या बोबलिंगेनला आलात, दोघंही नोकरीत, हातात येणारा पगार तुमचा २,६०० आणि मिस्टरांचा ३,१०० युरो. घरखर्च ३,०००, भारतातल्या एसआयपी आणि आईवडिलांसाठी मिळून १,०००, बाकी बचत. बँकेत २४,००० साठलेत. फेब्रुवारीत बाळ येणार म्हणून गाडी हवी. मिस्टरांना नवी छोटी एसयूव्ही हवीय, ४,००० डाऊन पेमेंट आणि ३२९ चा हप्ता, ४८ महिने. तुम्ही तीन जुन्या कोम्बी, म्हणजे लांब डिकीच्या इस्टेट गाड्या, शोधून ठेवल्यात आणि सासरे पुण्याहून फोनवर म्हणतायत की सेकंडहँड म्हणजे दुसऱ्याची कटकट आपल्या दारात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, जुनी कोम्बी घ्या, रोख घ्या, तीनपैकी टोयोटाची हायब्रिड ऑरिस घ्या, पण आज नको, तीन महिन्यांनी.

तीन महिने का, तर तुमच्या अख्ख्या मेलमध्ये लायसन्सचा उल्लेख कुठेच नाही. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून फक्त सहा महिने चालतं, इंटरनॅशनल परमिट काढलेलं असलं तरी तेवढंच, आणि तुम्हाला तर १४ महिने झालेत. म्हणजे आज गाडी दारात आली तरी दोघांपैकी कोणी चालवू शकत नाही, आणि चालवली तर तो साधा दंड नाही, सरळ फौजदारी गुन्हा आहे, वर अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी पैसे तुमच्याकडून परत मागू शकते. पुण्यात दहा वर्षं गाडी चालवली असली तरी इथे थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. थिअरी इंग्लिशमधून देता येते. डोळ्यांची तपासणी, फर्स्ट एडचा कोर्स, ड्रायव्हिंग स्कूलचे तास, सगळं धरून एकाचे हजार-दीड हजार युरो बाजूला काढा. आधी मिस्टरांचं करा, तुमचं बाळ झाल्यावर सावकाश. अर्ज मात्र याच आठवड्यात टाका कारण लायसन्स ऑफिसातूनच मंजुरी यायला वेळ लागतो.

आता त्या ३२९ च्या हप्त्याकडे बघू. तुम्ही लिहिलंय "शेवटी थोडी रक्कम राहते". ती थोडी नाहीये ताई, कोटेशनच्या दुसऱ्या पानावर खाली श्लुसराटे, म्हणजे शेवटचा मोठा हप्ता, म्हणून ओळ आहे बघा, १४,५०० युरो, एकरकमी. ४,००० डाऊन, ४८ हप्त्यांचे १५,७९२ आणि ते १४,५०० मिळून ३४,२९२ होतात. चार वर्षं हप्ते भरून झाल्यावर एक तर तेवढे पैसे उभे करा, नाहीतर त्याच रकमेवर पुन्हा लोन घ्या, नाहीतर गाडी परत करा, आणि परत करताना ते किलोमीटर मोजतात, प्रत्येक ओरखडा बघतात.

हे सगळं एरवी झेपलंही असतं, पण पुढचं वर्ष तुमचं एरवीसारखं नाहीये. एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळासाठी घरी राहाल तेव्हा सरकार देतं तो भत्ता, तुमच्या पगाराच्या साधारण ६५ टक्के धरलं तर १,६९० होतात, म्हणजे दर महिन्याला ९१० कमी. आज तुम्ही १,७०० वाचवता, त्यातून ९१० गेले की ७९०, किंदरगेल्डचे, म्हणजे मुलामागे मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचे, साधारण २५५ मिळवले की १,०४५, बाळाचे डायपर, दूध, कपडे याला ४०० धरले तर उरले ६४५. आता यातून हप्ता ३२९, फोलकास्को इन्शुरन्स (आपल्या चुकीने झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारा) तुम्हाला सांगितलाय १३० (पहिल्याच गाडीला नो-क्लेमची वर्षं नसतात, एसएफ, म्हणजे नो-क्लेमची पायरी, शून्य किंवा अर्ध्यापासून सुरुवात, म्हणून इतका महाग), पेट्रोल १२०. हातात ६६ युरो. त्यात आईबाबांची तिकिटं यायचीत, आणि एक वॉशिंग मशीन बिघडलं की महिना उणे. शिवाय तुमचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे. उद्या मिस्टरांच्या कंपनीत काही झालं आणि परत जायची वेळ आली तर गाडीचा ब्रीफ, म्हणजे मालकीचा कागद, बँकेच्या ताब्यात असतो, लोन फेडल्याशिवाय गाडी विकताही येत नाही आणि लेफ्ट हँड ड्राइव्हची गाडी भारतात घेऊन जाता येत नाही.

म्हणून माझा हिशोब असा. तीन महिन्यांत बचत २९,१०० च्या आसपास जाईल. त्यातले १२,००० हलवायचे नाहीत, चार महिन्यांचा घरखर्च, बाळाच्या वर्षात मी तीनवर समाधान मानत नाही. दीड हजार लायसन्सला. मग रजिस्ट्रेशन, नंबर प्लेट, इन्शुरन्सचा पहिला हप्ता, थंडीचे टायर आणि पहिल्या सहा महिन्यांत जे काही निघेल त्याला १,८००. उरतात १३,८००, तुमच्या गाडीची कमाल किंमत ही. १४,९०० ची ऑक्टाव्हिया इथेच बाहेर पडली. गाडी चांगली आहे, डिकी ६१० लिटरची, मला मनापासून आवडते, पण ते जास्तीचे ११०० बाळाच्या पैशातून जाणार.

७,५०० ची दोन लिटर डिझेल स्वस्त दिसते म्हणून मोह होतो, ती अजिबात नको. युरो ५ या जुन्या प्रदूषण मानकाची आहे, आणि स्टुटगार्टच्या मधल्या भागात युरो ५ डिझेलवरही बंदी आलेली आहे, तुमचं हॉस्पिटल आणि इंडियन ग्रोसरी दोन्ही तिकडेच. रोजचं जाणं सात किलोमीटर, एवढ्या छोट्या फेऱ्यांत डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर तापतच नाही, काजळी साठत जाते आणि एक दिवस मोठं बिल येतं. टॅक्सही बघा, डिझेलला दर १०० सीसीमागे साडेनऊ युरो, म्हणजे १९० आणि वर सीओटूचा भाग वेगळा. ऑरिसच्या १.८ हायब्रिडला पेट्रोलच्या दराने, १०० सीसीला २ युरो, वर्षाचे ३६. शिवाय ती डिझेल खासगी माणूस विकतोय, तो करारात जबाबदारी झटकू शकतो आणि बहुतेक सगळे झटकतातच.

राहिली ती २०१७ ची ऑरिस टूरिंग स्पोर्ट्स, ९६,००० किलोमीटर, १२,९००, डीलरकडे. दिसायला साधी आहे, हायवेवर जोरात दाबली की इंजिन ओरडतं, ते मान्य. पण पहिल्या गाडीसाठी मला हीच का पटते तर तिच्यात मोडण्यासारख्या गोष्टीच कमी आहेत. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, टायमिंग बेल्टच्या जागी चेन आहे. शहरात थांबत-थांबत चालवायला हायब्रिडच बरी पडते. डिकी ५३० लिटरची, प्रॅम आणि आईबाबांच्या दोन बॅगा आरामात. बऱ्याच छोट्या एसयूव्ही बाहेरून उंच दिसतात पण डिकी याहून लहान असते.

डीलरकडून घ्यायचं कारण कायद्यात आहे. त्याला जुन्या गाडीवर निदान एक वर्षाची जबाबदारी घ्यावीच लागते, आणि २०२२ पासून पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो आधीपासूनच होता असं धरतात, नव्हता हे त्याने सिद्ध करायचं (झिजणारे पार्ट यात येत नाहीत). पण करारातला एक शब्द नक्की शोधा, "इम कुंडेनआउफट्राग", म्हणजे डीलर फक्त मध्यस्थ, खरा विकणारा कोणीतरी खासगी माणूस. मी २०१४ मध्ये माझी पहिली गाडी घेतली तेव्हा माझं जर्मन कच्चं होतं, शोरूम चकचकीत, माणूस गोड बोलणारा, मी सही केली. पाचव्या महिन्यात गिअरबॉक्स गेला. त्याच माणसाने तो शब्द बोट ठेवून दाखवला आणि २,३०० युरो मी भरले, बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. तुमचा मेल वाचताना तेच आठवत होतं म्हणून इतकं लांबवतोय.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा, डीलरला आधीच सांगा की चालू करून ठेवू नका. मागच्या नंबर प्लेटवरचा गोल स्टिकर बघा, मधला आकडा वर्षाचा आणि सगळ्यात वर जो आकडा येतो तो महिन्याचा, तोपर्यंत ट्यूफची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याची सक्तीची, तपासणी चालते. सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर "नवी ट्यूफ करून द्या" म्हणा, देतात. टायरच्या कडेला डॉट लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१७ असेल तर टायर २०१७ च्या २३ व्या आठवड्यातला, म्हणजे बदलायला आलेला, तेवढे पैसे किमतीतून मागा. थंडीच्या टायरवर डोंगरात स्नोफ्लेकचं चिन्ह हवं, नुसतं एम प्लस एस आता चालत नाही. सर्व्हिसचं पुस्तक आणि बिलं मागा आणि किलोमीटर क्रमाने वाढतायत का ते बोट ठेवून वाचा. हायब्रिड बॅटरी तपासल्याचा कागद मागा, आणि मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असते ती धुळीने, कुत्र्याच्या केसांनी भरलीय का बघा, भरली असेल तर आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली ते तिथेच कळतं. आणि दीडशे युरोपर्यंत खर्च करून एडीएसी (वाहनचालकांची संघटना) किंवा डेक्रा (गाड्या तपासणारी संस्था) यांच्याकडून तपासून घ्या. डीलर तपासू देत नसेल तर दुसरी गाडी बघा.

इन्शुरन्स फोलकास्को नको, टाइलकास्को पुरे, चोरी, गारा, काच, हरणाची धडक सगळं त्यात येतं. तुम्हाला ७५ चं कोटेशन मिळालंय ते ठीक आहे, भारतातल्या नो-क्लेमचं पत्र कोणी धरतं का ते दोन-तीन कंपन्यांना विचारा, विचारायला काही लागत नाही. मग त्या ६४५ मधून गाडीवर दोनशेच्या आसपास जातील आणि तुमच्याकडे साडेचारशे राहतील.

सासऱ्यांना सांगा की नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत सगळ्यात जास्त पडते, ती पडझड आधीच्या मालकाने सोसलीय. आपल्याकडे टाटा इस्टेट, इंडिगो मरिना आल्या आणि गेल्या, त्यामुळे लांब डिकीच्या गाडीला आपण मान देत नाही, इथे मात्र पाळणाघरासमोर निम्म्या गाड्या कोम्बीच असतात. पूजा तिचीही करता येते, नारळ फोडता येतो.

मिस्टरांना हे सगळं आकड्यांसकट दाखवा, त्यांना नवी गाडी हवी असणं चुकीचं नाहीये, तुम्ही कामावर परत गेल्यावर दोन वर्षांनी पुन्हा बघू. ऑरिस तोवर विकली गेली तर जाऊ दे, २०१६ ते २०१८ मधल्या अशाच बघा, त्याहून नवी किआ सीड स्पोर्ट्सवॅगनही चालेल, सात वर्षांच्या वॉरंटीतली थोडी शिल्लक असलेली मिळाली तर. आणि टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा प्रॅम बरोबर घेऊन जा, डिकीत आडवी बसते का ते तिथेच बघा. लायसन्सच्या अर्जाचं काय झालं ते कळवा.