कोकणातल्या दमट हवेत सीओएफची फिल्म क्रिस्टलाइन होत नाही, हे खरं आहे का?

खोटं आहे. सीओएफ म्हणजे सेंद्रिय रेणू पक्क्या बंधांनी जोडून केलेली सच्छिद्र जाळी, आणि क्रिस्टलाइन म्हणजे ती जाळी नीट, एकसारख्या ओळींत रचलेली. हेच वाक्य मी दीड वर्ष ऐकलंय, त्यामुळे उत्तर लांबणार.

तुम्ही लिहिलंय की पाणी आणि डायक्लोरोमिथेनच्या सीमेवर टीपी (ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉल, एक अल्डिहाइड) आणि फेनिलीनडायअमीन (एक अमीन) यांची फिल्म धरते, पण उचलताना फाटते, एक्सआरडीत (क्ष-किरणांनी रचना तपासताना) आलेख सपाट येतो, आणि गाइड हवेला दोष देतात. माझी जोडीही हीच होती. रत्नागिरीकडचं कॉलेज, जुलै महिना, भिंतींना ओल. तिसऱ्या दिवशी बीकरमध्ये लालसर केशरी पडदा धरला तेव्हा लॅबमधल्या मामांना हाक मारून दाखवला होता. काचेच्या पट्टीवर घेतला, डब्यात कापूस घालून एसटीने आंबा घाट चढून एका मोठ्या संस्थेत मोजायला नेला. रिपोर्ट आला: अमॉर्फस, म्हणजे रचनाच नाही. माझे गाइड सर आलेखाकडे नीट न बघताच म्हणाले, "अगं, ह्या हवेत मिठाला पाणी सुटतं, तुझे क्रिस्टल कुठले टिकतायत? पुण्याला जाऊन कर."

अहो, अर्धं बीकर पाणी आहे! ज्या पडद्याचा जन्मच पाण्याला टेकून होतो, त्याला हवेतली वाफ काय करणार? २०१७ साली राहुल बॅनर्जींच्या गटाने पुण्याच्या एनसीएलमधून (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून) दोन द्रवांच्या सीमेवरच्या अशाच फिल्मचं काम छापलं, तो पेपर सरांच्या टेबलावर ठेवला. "ते पुणं," एवढंच उत्तर मिळालं. तीन महिन्यांच्या फिल्म मी टाकून दिल्या. त्याचं अजून वाईट वाटतं.

खरा घोटाळा वर्षभराने कळला, तोही जुन्या फायली आवरताना. एक्सआरडीचा स्कॅन १० अंशांच्या कोनापासून ८० पर्यंत होता. ऑपरेटरची नेहमीची सेटिंग, त्याची चूक म्हणणार नाही. रोज ऑक्साइडच्या पावडरी मोजणारा माणूस तो. पण ह्या जाळीचं मुख्य पीक (आलेखातलं टोक) तांब्याच्या क्ष-किरणांनी ४.७ अंशांच्या आसपास येतं, म्हणजे एकाच थरातल्या जाळीच्या ओळींमध्ये सुमारे १.९ नॅनोमीटरचं अंतर. १० पासून बघितलं तर राहतो फक्त एकावर एक थरांच्या अंतराचा, २७ च्या जवळचा बुटका फुगवटा, आणि तोही काचेच्या स्वतःच्या फुगवट्यात हरवतो. त्यात आणखी एक मेख आहे: थर पट्टीवर सपाट बसले असतील तर साध्या मांडणीत ४.७ चं पीक दिसतच नाही, किरण अगदी तिरका, पट्टीला घासून सोडावा लागतो. ती सोय नव्हती. मग सहा फिल्म खरवडून पावडर केली आणि २ अंशांपासून मोजायला लावली. पीक आलं. अणकुचीदार नाही, पण आलं.

याचा अर्थ तुमची फिल्म क्रिस्टलाइन आहेच असा नाही. मोकळं अमीन ओतलंत तर ते अल्डिहाइडला भेटताक्षणी बंध धरतं आणि चुकलेला जोड उसवून पुन्हा घालायला वेळ राहत नाही. टीपीच्या बाबतीत तर इमाइन (अमीन-अल्डिहाइडचा बंध) झालं की रेणू किटो नावाच्या जास्त स्थिर रूपात वळतो, तिथून परत फिरत नाही. म्हणून अमीन टोल्युईन सल्फॉनिक आम्लाचं मीठ करून द्यायचं, दोन थरांच्या मध्ये कोऱ्या पाण्याचा पातळ थर ठेवायचा, वरचं द्रावण भिंतीवरून थेंबाथेंबाने सोडायचं, आणि तीन दिवस बीकरला हात लावायचा नाही. माझे आजोबा शिरोड्याच्या मिठागरात होते. आम्ही पोरं खाऱ्या पाण्यात काठी घालायला गेलो की ओरडायचे, "वारो पडांदे, मगे बघ पापडी कशी धरता!" मिठाचं रसायन वेगळं, मान्य. पण त्याच टेबलावर पंखा आणि स्टरर चालू ठेवणाऱ्या माझ्या ज्युनिअरना मी हेच ऐकवते.

फाटण्याचं थोडक्यात. चिमट्याने उचलू नका. पट्टी आधीच तळाशी ठेवा आणि दोन्ही द्रव पिपेटने हळूहळू काढा, फिल्म आपोआप तिच्यावर उतरते. डायक्लोरोमिथेन ३९.६ अंश सेल्सिअसला उकळतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या आमच्या खोलीत दुपारी खालून बुडबुडे येऊन फिल्म भोकं पडून जायची. हवेला दोष द्यायचाच असेल तर ह्या उष्म्याला द्या, दमटपणाला नको.

आता एक कबुली, नाहीतर सर वाचतील आणि फोन करतील. बोरॉनिक आम्लाच्या सीओएफना, म्हणजे २००५ साली यागींच्या गटाने पहिल्यांदा केलेल्या सीओएफ-१ आणि सीओएफ-५ सारख्यांना, ओल खरंच सोसत नाही. पाण्याने त्यांचे बंध तुटतात. सरांनी उमेदीत तेच वाचलं असणार. पण मी त्यांच्याकडे टीपी घेऊन गेले होते, बोरॉन नव्हे. मागे एका लग्नात भेटले, तेव्हाही पहिला प्रश्न हाच, "पावसाळ्यात काम चालतं का तुझं?"

तुमच्या गाइडशी भांडण्याआधी स्कॅन किती अंशांपासून सुरू केला होता आणि फिल्म कशावर घेतली होती, ते खाली लिहा.